एका घासाची मिरची

आमच्या घरात हिवाळा नाकातून येतो. स्वेटर पेटीतून निघायच्या आधी, पंखे बंद व्हायच्याही आधी, एका संध्याकाळी आमचे हे नागपूरच्या लकडगंजातलं दुकान बंद करून घरी येतात, शर्ट काढून खुंटीला टांगतात आणि मी सटासट शिंकायला लागते. तेव्हा समजायचं, नवी मिरची आली. यांचा वाळल्या मिरचीचा ठोक व्यापार. भिवापूरकडची मिरची, जाड सालीची, लालभडक. तिचा बारीक धुरळा कॉलरमध्ये, खिशाच्या शिवणीत, कानाच्या मागे बसून नंदनवनातल्या आमच्या घरापर्यंत येतो. लग्न होऊन आले त्या पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं होतं, सर्दी झाली. काढे पिऊन पिऊन जीव विटला. शेवटी सासूबाईच हसल्या आणि म्हणाल्या, “सर्दी नाही वं, हंगाम आहे.”

यंदाही शिंका आल्या, गेल्याच आठवड्यात. पण शिंकून झाल्यावर मला हसू आलं नाही. शर्ट हातात धरून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. हे जेवायला बसले होते. पोळीचे बारके तुकडे वरणात भिजवून, हळूहळू, फक्त उजव्या बाजूनं चावत होते. डावीकडे घास जाऊच देत नव्हते. मी पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग विचारायचं ना सरळ. मी काही गप्प बसणारी बाई नाही. नळाला पाणी आलं नाही तर मी आख्ख्या गल्लीला जाब विचारते. पण इथं नाही विचारलं. विचारलं की माणूस उत्तर देतो, आणि दिलेलं उत्तर खरंच असेल असं नाही, हे मला मागच्या हिवाळ्यानं शिकवलं. यावेळी यांनी आपणहून सांगायला हवं होतं. मनाशी ठरवलं, रविवारपर्यंत थांबायचं. रविवारी नितीन येणार होता. तोवर बोलले नाहीत, तर सोमवारी दंडाला धरून दवाखान्यात न्यायचं. ठरवणं सोपं होतं. मधले दिवस मात्र मी प्रत्येक जेवणाला यांच्या जबड्यावर डोळे लावून काढले.

नितीन माझा धाकटा भाऊ. गोव्याला एका हॉटेलात स्वयंपाक करतो; स्वयंपाकी म्हटलं की त्याला राग येतो, शेफ म्हणायचं. दर हिवाळ्यात सुट्टी काढून येतो आणि येताना एखादा नवा खटाटोप डोक्यात घेऊन येतो. काही वर्षांपूर्वी त्यानं आमच्या गच्चीवर पहिल्यांदा त्या मिरच्या भाजल्या. मिरची एका बाजूनं चिरायची, देठ तसाच ठेवायचा, बिया खरवडून काढायच्या. आत पनीर, ठेचलेला लसूण, भरपूर सांभार (बाकी महाराष्ट्र ज्याला कोथिंबीर म्हणतो तो) आणि किसलेलं चीज दाबून भरायचं. मग तिच्याभोवती बेकनची पट्टी गुंडाळायची, म्हणजे डुकराच्या मांसाची, मिठात मुरवून धुरावर धरलेली पातळ फीत, आणि टूथपिक टोचून ती जाळीवर ठेवायची. खाली रसरशीत कोळसे. चरबी वितळून कोळशावर पडली की जाळ भसकन वर उसळतो, पट्टी आकसत जाऊन मिरचीला घट्ट आवळते, आणि असा काही वास सुटतो की शेजारच्या गच्चीवरच्या काकूंचा चेहरा कठड्यावर उगवतोच.

“काय भाजून राहिले वं? वास मोठा भारी येऊन राहिला.”

“मिरच्या, काकू, भरल्या मिरच्या,” मी सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं.

डुक्कर स्वयंपाकघरात आणायचं नाही, ही माझी अट होती. त्याची सुरी वेगळी, ताट वेगळं, चिमटा वेगळा, आणि सगळं सामान गच्चीवर टाकीमागच्या कोनाड्यात. नितीन मला जुनाट म्हणतो. म्हणू दे. आमच्याकडे मटणसुद्धा पुरुषमाणसंच शिजवतात, अंगणात, वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात. तेव्हा डुकराला अख्खी गच्ची दिली यात मी काही अन्याय केला असं मला वाटत नाही. खायच्या वेळी पहिली मिरची मीच उचलते, ते सोडा.

पहिल्या वर्षी नितीननं भज्याच्या लांब पोपटी मिरच्या आणल्या होत्या. यांनी एक हातात घेतली, वळवून पाहिली आणि खाली ठेवली. “ही मिरची नाही गा, ही भाजी आहे,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून ओल्या मिरच्या घेऊन आले, बोटभर लांबीच्या, अर्ध्या हिरव्या, अर्ध्या लाल व्हायला लागलेल्या. साल जाड, त्यामुळे विस्तवावर फाटत नाहीत. आणि तिखट म्हणाल तर खाणाऱ्याला आपले पूर्वज दिसावेत. तेव्हापासून आमच्याकडे त्याच.

या मिरचीचा नितीननं घालून दिलेला नियम एकच होता, एका घासात. अर्धी तोडली की आतलं पनीर गळतं, पट्टी सुटते, हनुवटी भाजते. तोंड मोठं उघडून आख्खी आत टाकायची, देठ बोटांत धरायचा, दात मिटायचे आणि देठ ओढून घ्यायचा. यात आमचे हे वस्ताद. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, चेहरा लालबुंद, आणि तरी हात पुढे, “आण गा आणखी!” मिरचीच्या व्यापाऱ्यानं मिरचीला घाबरायचं नसतं असं त्यांना वाटायचं. त्या वेळी त्यांचा तो उघडा, हसणारा, हाशहुश करणारा चेहरा पाहून मला फार बरं वाटायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. अशा गोष्टी कोण सांगतं?

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला यांनी एका जेवणात ठेच्याची वाटी बाजूला सारली.

“मी तिखट सोडलं,” म्हणाले.

“काहून?”

“असंच. बोललो मी.”

आमच्याकडे ‘बोललो’ म्हटलं की पुढे प्रश्न नसतो. देवीला बोललो, नवस केला, असा त्याचा अर्थ. आणि नवस काय केला, कशासाठी केला, हे विचारायचं नसतं. बोलून दाखवला की त्याचं बळ जातं म्हणतात. मी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही. आमची एकुलती एक मुलगी मनू बारावीला होती, प्रवेश परीक्षा डोक्यावर होती, रात्रंदिवस पुस्तकात डोकं. बाप दुसऱ्या कशासाठी बोलणार? आणि मिरचीवाल्यानं मिरची सोडायची म्हणजे काय, तुम्हीच सांगा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी नणंदेला फोन करून सांगितलं, नणंदेनं आख्ख्या भावकीला. शेजारच्या काकू म्हणाल्या, असा बाप मिळायला भाग्य लागतं. मनूनं मैत्रिणींना सांगितलं आणि आणखी तासभर जास्त अभ्यास करायला लागली. मी रोज दोन फोडण्या करत होते, एक आमची, एक यांची. यांचं फिकं वरण, मऊ भात, दूधपोळी, सगळं मी देवाचं काम समजून रांधलं.

आता सगळे म्हणतात, तुला कळलं कसं नाही? नाही कळलं. बाई जेवणाऱ्याच्या ताटाकडे पाहते, त्याच्या तोंडात डोकावत नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात नवऱ्यानं एकदम तिखट सोडलं असतं तर बायकोनं विचारलं असतं, पोटात दुखते काय, पित्त झालं काय. आमच्या घरात आम्ही यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मला आजही या गोष्टीचा जो राग येतो तो माझा मला येत नाही, यांचाच येतो. लपायला जागा कुठली शोधली, तर जिथं कुणी हात घालणार नाही अशी.

मग हिवाळा आला, नितीन आला. ती संध्याकाळ मी हजारदा आठवली असेन. सूर्य नुकताच गेला होता, आभाळात नारिंगी पट्टा शिल्लक होता, कुणाच्या तरी गच्चीवर पोरं ओरडत होती. शेगडी चांगली धरली होती. मनू पुस्तक खाली ठेवून तेवढ्या तासापुरती वर आली होती. हे कठड्याला टेकून, शाल पांघरून, जरा लांबच उभे होते.

नितीननं चिमट्यात पहिली मिरची धरली. “भाऊजी, पहिली तुमची.”

“मले नको गा. तिखट सोडलं मी. तुले माहीत नाही काय?”

“ताईनं सांगितलं ना फोनवर. म्हणून तर तुमच्यासाठी वेगळ्या आणल्या.” त्यानं पिशवीतून भरून, पट्टी गुंडाळून ठेवलेल्या भज्याच्या पोपटी मिरच्या काढल्या. “पाहा, तुमच्याच भाषेत भाजी आहे ही. तिखटाचा थेंब नाही. लहान पोरगं खाईल.”

हे जरा थांबले. मग म्हणाले, “पण ते डुक्कर आहे ना. नवसात कसं चालंन?”

“बाबा, परवाच तुम्ही अंड्याची पोळी खाल्ली,” मनू हसत म्हणाली.

“अंडं वेगळं.”

“वेगळं कसं?” नितीन म्हणाला. “मागच्या हिवाळ्यात तर तुम्हाला आवरायला माणूस ठेवावा लागला असता. बरं, जाऊ द्या, बेकन नको. पट्टीशिवाय देतो.” आणि त्यानं एका मिरचीवरची पट्टी काढली, सोबत आणलेल्या वाफवलेल्या कोबीच्या पानात मिरची गुंडाळली आणि जाळीवर ठेवली. तिखट नाही, मांस नाही, काही नाही. आम्ही तिघं तिच्याकडे पाहत होतो. हे पाहत नव्हते.

मला तेव्हा यांची चीड आली होती. पोरगं एवढ्या लांबून येतं, हातानं करून घालतं, आणि यांचं आपलं सोवळं. मी म्हणाले, “एक घास घ्या ना आता. एवढं करून राहिला तो. देव काही गच्चीवर येऊन पाहून नाही राहिला.”

यांनी ती मिरची घेतली. दोन बोटांत देठ धरला, तोंडाशी नेली आणि तोंड उघडलं. म्हणजे उघडायला गेले. मिरची दातांवर येऊन थांबली. त्यांनी ती दाबली. पान फाटलं, पनीर बाहेर आलं आणि शर्टावर पडलं. नितीन मोठ्यानं हसला. “एका घासात भाऊजी! नियम आहे!” यांनी पुन्हा दाबली. मला वाटलं, नाटक करताहेत, आमची गंमत करताहेत. हसणं सगळ्यांत आधी मनूचं थांबलं.

“बाबा, तोंड उघडा ना,” ती म्हणाली. “मोठं उघडा.”

यांनी मिरची कठड्यावर ठेवली. हात शालीला पुसले. माझ्याकडे नाही, मनूकडे नाही, नितीनकडे पाहून म्हणाले, “उघडूनच नाही राहिलं गा.”

शेगडीवर चरबी ठिबकत होती आणि जाळ वर येत होता. कुणी मिरच्या उलटल्या नाहीत.

“दसऱ्याच्या आधीपासून,” हे म्हणाले. “तिखट लागलं की आग होते नुसती, जीव जाते. म्हणून सोडलं. आता तर भाताचाच घास जाते. मोठं काही जात नाही आत.”

“मग ते माझ्या परीक्षेसाठी नव्हतं?” मनूनं विचारलं.

“नव्हतं बेटा.”

ती उठून टाकीमागे जाऊन बसली. पुष्कळ दिवसांनी तिनं मला सांगितलं, “आई, खरं सांगू? मला आधी एकदम हलकं वाटलं. आणि मग त्याचीच इतकी लाज वाटली.” त्या संध्याकाळी मात्र ती टाकीमागेच बसून राहिली. नितीननं जळून कोळसा झालेल्या मिरच्या एकेक करून चिमट्यानं उचलल्या आणि ताटात ठेवल्या. खाल्ल्या कुणीच नाहीत.

कारण शोधायला लांब जायचं नव्हतं. खर्रा. आमच्या नागपुरात पानठेल्यांवर सकाळपासून सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर घासघासून मळत असतात. ती पुडी खिशात, चिमूट गालात, दिवसभर. मिरचीच्या धंद्यातले लोक तर त्याला औषधच मानतात. तोंडात खर्रा असला की मिरचीचा ठसका लागत नाही म्हणे. यांनी मला सांगितलं होतं की सोडला. सोडला नव्हता. आणि त्यातली मला न समजणारी गोष्ट ही की, ज्यानं तोंड जाळलं तो झोंबत नव्हता आणि मिरची झोंबत होती, म्हणून यांनी मिरची सोडली. रागाच्या भरात मी त्या पुड्या खिशातून काढून गटारात फेकल्या, पण त्या वेळी त्याचा उपयोग किती होता, ते मलाही ठाऊक होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. “तीन बोटं उभी जुळवून तोंडात घालून दाखवा,” म्हणाल्या. धडधाकट माणसाच्या तोंडात जातात. यांचं एक बोट गेलं, दुसरं अडलं. आत दिवा धरून त्यांनी मला पाहायला बोलावलं. गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ, वापरून वाळलेल्या चामड्यासारखी झाली होती, आणि डाव्या गालात एक डाग होता. त्या डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरलं. बाहेर बाकावर बसल्यावर मी पदराआड माझी तीन बोटं तोंडात घालून पाहिली. गेली. मला त्याचं बरं वाटलं नाही.

तुकड्याचा निकाल यायला जे दिवस लागले ते मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. मिरचीचा हंगाम अगदी भरात होता. भिवापूरकडून पोती भरून गाड्या येत होत्या आणि हे गालाला टाके असताना दुकानात जात होते, कारण घरी बसले की भिंतीकडे पाहत बसायचे. नंदनवनातल्या गच्च्यांवर बायकांनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. खिडकीतून पाहिलं की लालच लाल. दरवर्षी मला ते पाहून सण आल्यासारखं वाटायचं, त्या वर्षी मी पडदे ओढून घेतले. फोन वाजला की मनू तिच्या खोलीतून बाहेर यायची आणि दारात उभी राहायची. गॅस एजन्सीचा असायचा, नणंदेचा असायचा. नणंद विचारायची, “नवस अजून चालू आहे ना दादाचा?” मी म्हणायचे, चालू आहे. दुसरं काय सांगणार होते?

एकदा दुपारी मी भाताचं खिमटं भरवताना यांना म्हणाले, “मले सांगता नाही आलं काय तुम्हाला?”

यांनी तोंडातला घास गिळला. मग म्हणाले, “बाजारातल्या एकाचा गाल कापलेला पाह्यला मी. त्याचंही असंच चालू झालं होतं. तुले सांगितलं असतं तर तू नाव घेतलं असतं त्या रोगाचं. नाव घेतलं की खरं होते.”

मी वाटी घेऊन उठले आणि मोरीत जाऊन रडले. तोपर्यंत मी फक्त भांडत होते.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. “कॅन्सर नाही,” म्हणाल्या. आम्ही श्वास सोडला. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “अजून नाही.” गालाची गेलेली कातडी पूर्ववत होणार नव्हती. खर्रा आजपासून बंद. गालात इंजेक्शनं. तोंडाचा व्यायाम रोज. आणि आत कुठं गाठ लागली, जखम झाली, भरेना, तर त्याच दिवशी यायचं. एक दिवस थांबायचं नाही.

तो ‘अजून’ वर्षभर आमच्या घरात राहायला आला. मनूची परीक्षा झाली, ती चांगल्या मार्कांनी निघाली, अमरावतीला हॉस्टेलवर गेली. हे सकाळी बातम्या लावून दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून बसायचे. महिन्या-दीड महिन्यानं एक काडी वाढायची. वाढली की मला हाक मारून दाखवायचे, बोलता तर यायचं नाही, नुसतं “आं आं” करायचे. खर्रा सुटल्यावर पहिले महिने इतके चिडचिडे झाले की खिडकीतल्या पारव्यावरसुद्धा ओरडायचे. पण सुटला. मी एकच गोष्ट यांच्याकडून कबूल करून घेतली होती. “देवीला काही बोलायचं असलं तर खुशाल बोला,” मी म्हटलं होतं, “पण आधी मला.”

आणि आता यंदाचा हिवाळा, आणि एका बाजूनं चावणं.

नितीन फोनवर म्हणाला होता, “ताई, यंदा मिरच्या नको. बरं नाही दिसत.” हे शेजारीच बसले होते. फोन ओढून घेऊन म्हणाले, “काहून नको? माझं तोंड लहान झालं गा, तुमचं नाही झालं.” म्हणून मग रविवार ठरला, यांनी स्वतः जाऊन ओल्या मिरच्या आणल्या, निवडून, जाड सालीच्या. आणल्या आणि पिशवी माझ्या हातात देऊन लगेच तोंड फिरवलं. रविवारपर्यंत एक शब्द नाही.

आजचा तो रविवार. नितीन सकाळी आला आणि दुपार कलल्यावर बेकन आणायला सदर भागात गेला. मी गच्चीवर चटई टाकून मिरच्या चिरायला बसले. उतरतं ऊन होतं. मिरची चिरायची, चमच्याच्या दांड्यानं बिया खरवडायच्या, सारण दाबायचं, बाजूला ठेवायची. हाताला काम असलं की डोकं थांबतं म्हणतात. माझं थांबत नव्हतं. जिन्यात पावलं वाजली. हे वर आले. शेगडीतली जुनी राख उगाच काढली. जाळी उचलून पाहिली, परत ठेवली.

“मनूचा फोन आला काय?”

“सकाळी आला होता.”

“नितीनले उशीर झाला.”

“येईल.”

मी वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर मीच विचारून बसले असते. माझ्या हातातली मिरची भलतीकडेच चिरली गेली. यांनी पालथी बादली ओढली आणि माझ्यासमोर बसले.

“ऐक वं,” म्हणाले. “डावीकडं, गालाच्या आत काहीतरी लागते. आठ दिवस होत आले. वाटलं, दात लागला असंन. नाही दात.”

आठवडाभर मी या वाक्याची वाट पाहत होते. ते आलं, आणि मला वाटलं, नसतं आलं तर बरं झालं असतं. आणि तरी यांनी आपणहून सांगितलं म्हणून मला यांना मिठीही मारावीशी वाटत होती.

“पाहू,” मी म्हणाले.

यांनी उन्हाकडे तोंड केलं आणि उघडलं. वर्षभराच्या काड्यांनी दोन बोटं जातील एवढी फट झाली होती. नुसतं पाहून काही दिसत नव्हतं. बोट घालायला हवं होतं. मी हात पुढे नेला आणि तिथंच थांबवला. दुपारपासून मी मिरच्या खरवडत होते. हा हात त्या तोंडाला लागला असता तर हे किंचाळले असते.

मी नळाशी गेले. साबणानं धुतले. मिरचीचे हात साबणानं धुतले जात नाहीत, म्हणून सारणाशेजारची तेलाची वाटी ओतून चोळले, पुन्हा साबण लावला, टाकीजवळच्या कुंडीतल्या मातीनं घासले. करंगळी जिभेला लावून पाहिली. झोंबली. परत धुतले. मागे हे बादलीवर बसले होते, तोंड उघडं ठेवूनच, जणू मिटलं तर पुन्हा उघडणार नाही. परत करंगळी जिभेला लावली. थोडी झोंबली. आणखी एकदा तेल, आणखी एकदा साबण. बोटांची सालं निघाल्यासारखी आग होत होती. मग एकदा जिभेला काही लागलं नाही.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि करंगळी डाव्या गालात घातली. आत ऊब होती आणि ती ताठ, ओळखीची कातडी. मी बोट हळूहळू मागे सरकवत नेलं. दाढेच्या मागे, खालच्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. कडक. हलत नव्हतं.

“बोटाले लागते काय?” यांनी विचारलं. बोट तोंडात असल्यामुळे अक्षरं अर्धीच बाहेर आली.

‘नाही’ माझ्या ओठांवर आलंच होतं. इतकं सोपं होतं ते. रविवार आहे, दवाखाना बंद आहे, पोरगं सुट्टी काढून आलं आहे, ही एक संध्याकाळ जाऊ द्यावी, उद्या सांगता येईल. यांनीही मागच्या वर्षी रोज असंच म्हटलं असेल, आज नको, उद्या. खाली फाटक वाजलं. नितीन आला होता. हे माझ्याकडे पाहत होते आणि मी काय सांगते याची वाट पाहत होते.

“लागते,” मी म्हणाले.

यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. माझं बोट त्यांच्या गालातच होतं.